जावईबापूंनी ‘येस’ दाबलं

‘साहेब कुठं गेलेत?’

पनवेलला टपाल नाक्याजवळ मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं. त्या सगळ्या वर्षांत हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा माझं नावसुद्धा कुणी घेतलं नसेल. मी समोर बसलेली असायची. हातात स्क्रू-ड्रायव्हर, टेबलावर पोट उघडलेला सीपीयू, दिव्याचा झोत बरोबर मदरबोर्डवर. तरी गिऱ्हाईक दारात उभं राहून माझ्या डोक्यावरून आत बघणार आणि विचारणार, साहेब कुठं गेलेत? साहेब म्हणजे आमचे हे. दुकानाच्या डाव्या अंगाला ह्यांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशन. कॉम्प्युटरमधलं ह्यांना एवढंच कळायचं की त्याला करंट लागतो. पण ह्यांना मिशी होती. त्यामुळं गिऱ्हाईक आपलं दुखणं ह्यांना सांगायचं, हे गंभीरपणे मान हलवत सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘हे मॅडमना सांगा, मी झेरॉक्सवाला.’ मग गिऱ्हाईक नाइलाजानं माझ्याकडे वळायचं आणि तेच सगळं पुन्हा सांगायचं. फक्त या वेळी सावकाश, सोपं करून.

मी हार्डवेअरचा कोर्स केला तेव्हा वर्गात मी एकटी बाई होते. त्याचं कौतुक आता लोक करतात. तेव्हा सर मला म्हणाले होते, ‘तुम्ही टॅली का नाही करत?’

असो. धंद्याबद्दल लिहा, असं संपादकांनी सांगितलंय, तर धंद्याबद्दल लिहिते. आमच्या धंद्यात बिघडलेल्या मशीनचा त्रास कमी आणि चालू असलेल्या माणसांचा जास्त. एक निवृत्त गृहस्थ जुन्या हार्डडिस्कवरचं सगळं नवीन डिस्कवर घालून घ्यायला आले होते. काम झाल्यावर त्यांनी नवीन डिस्क तळहातावर तोलली, जुनी तोलली आणि म्हणाले, ‘वजन तर वाढलं नाही. नक्की सगळं आलंय ना?’ दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंना पेशंटच्या फायली आल्या की नाही याची काडीची काळजी नव्हती. त्यांच्या स्क्रीनवर बदकांचा फोटो होता, तो आला नाही म्हणून त्या संतापल्या. नेऱ्याला फार्महाऊस असलेले एक मुंबईकर तर दर पावसाळ्यानंतर कीबोर्ड घेऊन यायचे, आतून मुंग्यांचं वारूळ काढून घ्यायचे आणि दर वर्षी मला विचारायचे की हा व्हायरस मुंबईत कसा नसतो.

यात लिनक्स कुठून आलं, ते सांगते. कॉम्प्युटर नुसता डबा असतो. त्याला चालवणारी एक मूळ व्यवस्था आत बसवावी लागते. बहुतेकांकडे विंडोज असतं. लिनक्स ही तशीच दुसरी व्यवस्था, पण फुकट. रीतसर फुकट. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणीही घ्यावी आणि वापरावी. आता फुकट म्हटल्यावर पनवेलला रांग लागायला हवी होती. पण नाही. ‘फुकट देतायत म्हणजे काहीतरी खोट असणार,’ असं म्हणून लोक तोंड फिरवायचे आणि माझ्यासमोर खिशातून विंडोजची चोरीची सीडी काढायचे. चोरीचं चालेल, पण नावाजलेलं पाहिजे. त्यामुळं माझ्याकडे लिनक्सवाली गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली एक कोन गावची शीतल.

शीतल पांडुशेठची धाकटी मुलगी. कोनला एक्स्प्रेस-वेच्या कडेची जमीन बिल्डरला दिली, तेव्हापासून पांडूचा पांडुशेठ झाला होता. दारात गाड्या, बंगल्याला बाहेरून काचा, आणि आत हॉलमध्ये टीव्हीसमोर तोच जुना लाकडी पलंग. त्या पलंगावर शेठची थोरली बहीण सखूआत्या असायची. शेठला हिनंच कडेवर घेऊन वाढवलेलं, म्हणून सगळं घर तिला आत्या म्हणायचं आणि तिला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. ही फार पूर्वीची गोष्ट. पुढं शेठ सगळं बिल्डरला विचारून करायला लागले.

सखूआत्या धवलारीण होती. आमच्याकडच्या आगरी लग्नांत पूर्वी भटजींच्या आधी धवलारीण यायची. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं. त्यांना धवळे म्हणतात. ते कुठं लिहिलेले नसतात, धवलारणीच्या तोंडात असतात. ती म्हणेल तसा विधी पुढं सरकतो. तिनं म्हटलं नाही, तर हळदीची वाटी हातात धरून सगळं घर उभं. कोनपासून पार द्रोणागिरीपर्यंत सखूआत्याला बोलावणं यायचं. मग हळदीला डीजे आला, त्याच्या भिंतीएवढ्या स्पीकरपुढं बाईचा आवाज कुठं पुरणार? लोक आत्याला मानानं बोलवायचे, खुर्चीत बसवायचे, थंडा प्यायला द्यायचे आणि तिनं तोंड उघडलं की डीजे सुरू करायचे. आत्यानं कुणाला शिकवलं नाही असं नाही. कुणी शिकलं नाही.

शीतल इंजिनिअरिंगला होती. कॉलेजातल्या एका मास्तरांनी तिच्या डोक्यात लिनक्सचं वेड घातलं, ते मात्र चांगलं झालं. कारण त्यात आवाज ध्वनिमुद्रित करायचं एक साधन होतं. पोरीनं माझ्याकडून एक माइक नेला आणि सुट्टी मिळेल तशी आत्याला पलंगावर बसवून धवळे भरून घेत राहिली. आत्या आधी लाजायची. मग शीतलला धारेवर धरायला लागली. दाराबाहेरून गाडी गेली की म्हणायची, ‘पयल्यापासून घे. मागना गारीचा आवाज आयला.’ आणि मग आत्याला लकवा झाला. उजवं अंग गेलं, आणि वाचा गेली. शब्द म्हणून तोंडातून निघेना. त्याच वर्षी शेठच्या मुलाचं, म्हणजे शीतलच्या भावाचं, लग्न ठरलं.

घरात पहिल्यांदाच असं होणार होतं की मांडव उभा राहणार आणि सखूआत्या गाणार नाही. शेठ मनातून हलले असावेत. ते म्हणाले, ‘डीजे तं हायेच, पन धवले आत्याचेच लागले पायजेत. शीतलनी भरून ठेवलेत ना मशिनीत, तेच लावू.’ गावभर सांगूनही झालं. आणि नेमकी तेव्हाच त्या मशिनीतली हार्डडिस्क कटकट आवाज करायला लागली.

शीतलचा मला फोन आला. हार्डडिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावरून एक बारीक सुई सरकत वाचत असते. ती सुई अडखळायला लागली की असा आवाज येतो. अशी डिस्क म्हणजे आयसीयूतला पेशंट. मी सांगितलं, ‘मशीन बंद कर. पुन्हा चालू करू नकोस. सकाळी जसंच्या तसं दुकानात घेऊन ये, आपण नवीन डिस्कवर बिऱ्हाड हलवू.’

हे बिऱ्हाड हलवणं मला आवडायचं. लिनक्सचं बरं असतं. घर वेगळं, सामान वेगळं. घर म्हणजे ती मूळ व्यवस्था, आणि सामान म्हणजे आपली गाणी, फोटो, पत्रं. शहाणा माणूस डिस्कचे दोन भाग करून दोन्ही वेगवेगळे ठेवतो. शीतलनं तसे ठेवले होते. लहान भागात लिनक्स, मोठ्या भागात आत्या. दोन्ही उचलायचे, नवीन डिस्कवर ठेवायचे, नवीन पत्ता आत लिहून द्यायचा, झालं. जुनी डिस्क मग कपाटात जपून ठेवायची. नवीन ठिकाणी सगळं नीट लागलंय, याची खात्री होईपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला एकुलता एक वेद.

सकाळी शीतल आली नाही. दुपारी पांडुशेठची मोठी गाडी दुकानापुढं आडवी लागली. शेठ उतरले, मागून शीतल उतरली. आणि तिसरे उतरले ते जावईबापू. शीतलच्या थोरल्या बहिणीचे यजमान. खारघरला आयटीत. लग्नासाठी रजा काढून सासुरवाडीला आलेले, पण गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतंच. हे ओळखपत्र काही माणसं बहुतेक आंघोळीलाच काढत असावीत.

जावईबापू सरळ झेरॉक्स मशीनकडे गेले. ‘सर, ॲक्च्युअली डिस्क ऑलरेडी करप्ट होती. मी चेक केली. टोटली एम्प्टी आहे.’

‘मी झेरॉक्सवाला,’ हे म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. मी विचारलं, ‘चेक कशी केलीत?’

‘सिम्पल आहे मॅडम. डिस्क बाहेर काढली आणि यूएसबीनं माझ्या लॅपटॉपला लावली. दुकानात कशाला जायचं, मीच डेटा शिफ्ट करून देतो म्हटलं घरात.’

‘लॅपटॉपवर विंडोज?’

‘ऑफकोर्स.’

‘मग काय विचारलं विंडोजनं?’

‘नेहमीचंच. डिस्क फॉरमॅट करायची का.’

‘आणि तुम्ही?’

‘येस केलं.’

अगदी बोहल्यावर उभं राहून म्हणावं, तसं म्हणाले ते.

बाहेरच्यांसाठी जरा उलगडून सांगते. लिनक्सची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. ठीक आहे, नाही येत तर नाही येत. पण विंडोजचा स्वभाव असा की जे आपल्याला वाचता येत नाही ते कोरंच आहे, असं ते धरून चालतं. मोडी लिपीतले कागद घरात सापडल्यावर एखाद्यानं म्हणावं, यावर नुसत्या रेघोट्या आहेत, चुलीत घालू का? विंडोज विचारतं तरी. ‘फॉरमॅट करू का?’ म्हणजे सगळं पुसून नव्यानं आखू का? आणि जावईबापूंना वाचता येत होतं.

‘मॅडम, डिस्क रिकामीच होती, त्यामुळं लॉस काहीच नाही,’ त्यांनी मला धीर दिला.

शेठ म्हणाले, ‘जावईबापू आयटीत हायेत. त्यांना सगलं ठावं हाय. तुमी बघा जरा, गानी कुठं जेली ती.’

मी शीतलकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. मी शेठना म्हटलं, मशीन ठेवून जा, पोरीला थांबू दे, मला विचारायला लागेल. जावईबापू जाता जाता मला सल्ला देऊन गेले की डिस्क प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली तर बरी होते, त्यांनी इंटरनेटवर वाचलंय. आमच्या फ्रीजमध्ये त्या दिवशी सुरमई होती, जागा नव्हती.

गाडी गेल्यावर शीतल रडली. मग बोलली. ती तिथंच उभी होती. भावजींनी डिस्क काढली तेव्हा ती म्हणाली, ‘भावजी, राहू द्या, मी काकींकडे नेणारे.’ काकी म्हणजे मी. भावजी हसले. त्यांनी यूएसबी लावली, तेव्हा ती पुन्हा म्हणाली, ‘विंडोजमध्ये दिसणार नाही ते.’ तेव्हा आईनं तिच्याकडे डोळे वटारले. लगीनघर, आणि जावयाला टोकायचं? आमच्याकडे जावई म्हणजे काय, हे मी नव्यानं सांगायला नको. त्याला ताटावरून उठू देत नाहीत, तर लॅपटॉपवरून कोण उठवणार? प्रश्न स्क्रीनवर आला. शीतलनं तो वाचला. ती एवढंच म्हणाली, ‘भावजी, नो करा.’ भावजी म्हणाले, ‘अगं, घाबरतेस काय, मी आहे ना!’

‘आणि आत्या?’ मी विचारलं.

आत्या पलंगावरून बघत होती. ती डाव्या हातानं पलंगाच्या फळीवर जोरजोरात आपटायला लागली. शेठाणी म्हणाली, ‘आत्याला पानी पायजे.’ पाणी दिलं. आत्यानं ते थुंकून टाकलं आणि पुन्हा आपटायला लागली. मग चहा दिला. मग पंखा वाढवला. मग कुणीतरी तिला कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपवलं. तोवर ‘येस’ दाबून झालं होतं. लहान भागाचंही तेच करणार होते, पण जेवायला वाढलंय, अशी हाक आली. लिनक्स वाचलं ते कोंबडीच्या रश्श्यामुळं. घर शाबूत राहिलं आणि सामान गेलं.

मी चिडखोर बाई आहे. त्या दिवशी मी जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. पण बोलून झाल्यावर कामाला लागले, कारण एक आशा होती. असं घाईघाईत पुसलेलं सगळंच पुसलं जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली जाते, पानं बरीचशी जागेवर असतात. फक्त कुठल्या पानावर काय आहे, हे सांगणारं कुणी उरत नाही. तेव्हा एकेक पान उचलून बघायचं, हे गाण्यासारखं दिसतंय का? दिसलं तर ठेवायचं.

तेही आजारी डिस्कवर करायचं नसतं. आधी तिची कणाकणानं नक्कल नवीन डिस्कवर उतरवायची आणि मग चिरफाड त्या नकलेवर. त्यासाठीही मी लिनक्सच वापरलं. डिस्क मध्येच अडायची, कटकटायची, थांबायची. मी पंख्याचा वारा तिच्यावर सोडून बसले. ह्यांनी झेरॉक्स मशीन बंद ठेवलं, म्हणे त्याच्या कंपनानं डिस्कला त्रास होईल. त्याचा काही संबंध नव्हता, पण मी सांगितलं नाही. ह्यांच्याकडून धंद्याचा एवढा त्याग पुन्हा बघायला मिळाला नसता.

नक्कल बरीचशी उतरली. मग शोधणारा प्रोग्रॅम लावला, आणि त्यानं आवाजाच्या फायली ओकायला सुरुवात केली. ढिगानं. पण एकीलाही नाव नाही, नुसते आकडे. त्यात आत्या होती, शीतलच्या कॉलेजातली व्याख्यानं होती, सिनेमाची गाणी होती, डीजेचे धांगडधिंगे होते, आणि ‘पयल्यापासून घे’ असं म्हणून सोडून दिलेले अर्धे-मुर्धे धवळे होते. शीतलला आत्याचा आवाज ओळखता येत होता, पण कुठला धवळा कुठल्या विधीचा, हे तिनं फायलींच्या नावांतच लिहून ठेवलं होतं. ती नावं तर गेली. आणि हळद लावताना मांडवाचा धवळा लागला तर गाव हसलं असतं. ते सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

‘आत्याला घेऊन ये,’ मी म्हटलं.

‘काकी, घरात म्हणतात तिला आता समजत नाही काही.’

‘घरात तुझ्या भावजींना आयटीतलं कळतं असंही म्हणतात.’

शीतलनं आत्याला गाडीत घालून आणलं. ह्यांनी तिला उचलून खुर्चीत बसवलं. पोरीनं येताना डोकं चालवलं होतं, एकेका विधीची एकेक वस्तू आणली होती. टेबलावर तिनं आंब्याची डहाळी ठेवली, ती मांडवासाठी. जात्यावरचे मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि वाटीत कालवलेली हळद. मग पहिली फाईल लावली.

दुकानात आत्याचा आवाज आला. खणखणीत, जरा नाकातला. खुर्चीतली आत्या दचकली. आधी तिनं स्पीकरकडे पाहिलं, मग आपल्या तोंडाला हात लावून पाहिला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझ्याही. ह्यांनी पाठ फिरवली आणि बंद असलेलं झेरॉक्स मशीन पुसायला घेतलं. मग आत्यानं डावा हात पुढं केला आणि आंब्याच्या डहाळीवर ठेवला.

पुढं मग काही अडलं नाही. एक फाईल लावायची, आत्या दोन ओळी ऐकायची आणि हात ठेवायची. हळकुंड. तांदूळ. ओली हळद. शीतल लगेच फाईलला नाव देऊन टाकायची. एकाच वस्तूचे दोन-तीन धवळे झाले की कुठला आधी, कुठला मागून, हे विचारायला ते पुन्हा लावायचे, आणि आत्या बोट वर करायची. बेसूर गेलेली एक फाईल आम्ही ठेवणार होतो, तिला आत्यानं असा काही हात झटकला की मी घाबरून ती पुसूनच टाकली. डीजेचं गाणं चुकून लागलं, तेव्हा तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मी विसरलेले नाही. जिला समजत नाही असं म्हणत होते, ती बाई बोलता न येता आम्हा दोघींना कामाला जुंपून बसली होती.

शेवटी फायली संपल्या. आत्याचा हात ओल्या हळदीच्या वाटीवरच होता. ती वाटी पुढं सरकवत राहिली. अजून एक आहे. मला कळलं. शीतललाही आठवलं, आई पोराला हळद लावते, तेव्हाचा एक धवळा होता. सगळ्यांत लांब, आणि आत्यानं तो सगळ्यांत शेवटी दिलेला. मी पुन्हा शोधलं, दुसऱ्या प्रोग्रॅमनं शोधलं, नकलेऐवजी मूळ डिस्कवर परत जाऊन बघितलं. तो नव्हता. फॉरमॅट करताना विंडोज आपली नवी आखणी जिथं कोरतं, नेमका तिथं तो असणार. मी मान हलवली. आत्यानं वाटी मागं ओढली आणि मांडीवर घेऊन बसली. तो धवळा आता जगात कुठंच नाही. याचं मला तेव्हा वाईट वाटलं, आजही वाटतं, आणि त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही.

बिऱ्हाड हलवायचं काम त्यानंतर फार सोपं गेलं. दुसऱ्या नवीन डिस्कवर लिनक्स ठेवलं, शेजारी धवळे ठेवले. पहिल्यांदा मशीन अडून बसलं, कारण लिनक्स डिस्कला एका लांबलचक ओळखक्रमांकावरून ओळखतं आणि नव्या डिस्कचा क्रमांक वेगळा असतो. आपल्या नावाची पत्रिका आली नाही म्हणून लग्नघराच्या दारात अडून बसणारे काका असतात, तसं. आत योग्य ठिकाणी नवीन क्रमांक लिहिला आणि काका पाट घेऊन बसले. एक प्रत मी पेनड्राइव्हवर दिली, एक माझ्याकडे ठेवली.

निघताना शीतल म्हणाली, ‘काकी, भावजींनी काय केलं ते बाबांना सांगू नका. ताईला सासरी ऐकावं लागेल.’

मला सांगायचं होतं. मला चौकात लाऊडस्पीकर लावून सांगायचं होतं. पण ताईचं नाव निघाल्यावर काय करणार, गप्प बसले.

हळदीला आम्हा दोघांना आमंत्रण होतं. मांडवात संध्याकाळी गर्दी उसळलेली, डीजेची भिंत एका बाजूला, आणि पुढं खुर्चीत नवं लुगडं नेसवलेली सखूआत्या. शीतलनं पेनड्राइव्ह लावला आणि आत्याचा आवाज सगळ्या गावावर गेला. त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून पहिल्यांदाच. म्हाताऱ्या बायका हळूहळू मागून म्हणायला लागल्या. धवळ्यामागून धवळा बरोबर लागत होता. आईनं पोराला हळद लावली, तेव्हा मात्र मांडवात काही वाजलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आत्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहिली.

मग शेठनी माइक घेतला. ‘आत्याचे धवले मशिनीतशी जेले व्हते. ते कुनी वाचवले? आमच्या जावईबापूंनी! आनि पनवेलच्या साहेबांनी!’

टाळ्या झाल्या. आधी साहेबांना पुढं बोलावलं. ह्यांच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. ह्यांनी बिचाऱ्यांनी माइक ओढून सांगितलं, ‘अहो, मी झेरॉक्सवाला आहे!’ लोकांना तो विनय वाटला. दुप्पट टाळ्या पडल्या.

जावईबापूंचा मान मोठा. त्यांना फेटा बांधला आणि नारळ घरातल्या थोरल्या माणसाच्या हातून द्यायचा ठरला. शेठनी नारळ आत्याच्या हातात ठेवला. जावईबापू फेटा सांभाळत वाकले, ओंजळ पुढं केली, फोटोवाल्याकडे बघून हसले. आत्या नारळ सोडेना.

शेठ म्हणाले, ‘आत्या, दे ना त्यांना.’ आत्या सोडेना. शेठनी स्वतः ओढून पाहिला. जावईबापू ओंजळ धरून वाकलेलेच, हसू तसंच, फोटोवाला म्हणतोय, ‘सर, जरा वर बघा.’ पाठीमागून कुणीतरी म्हणालं, ‘लकव्यानं बोटं आखरतात.’ त्यावर सगळ्यांनी च्च् च्च् केलं. आखडलेला हात उजवा होता. नारळ डाव्यात होता.

शेवटी शीतल पुढं आली आणि आत्याच्या गुडघ्याशी बसली. तिनं काहीच केलं नाही, नुसता हात पुढं धरला. आत्याची बोटं आपोआप उघडली आणि नारळ पोरीच्या हातात गेला.

‘माफ करा जावईबापू,’ शेठ माइकवरच म्हणाले, ‘आत्याला आता काय समजत नाय.’ दुसरा नारळ आणला, तो शेठनीच दिला. आत्या खुर्चीच्या दांडीवर डाव्या हातानं आपटायला लागली. शेठाणी धावली, ‘आत्याला पानी पायजे,’ म्हणाली आणि तांब्या तिच्या तोंडाला लावला.

आत्यानं जावईबापूंकडे एकदा नीट बघून घेतलं, मग शीतलच्या हातातल्या नारळाकडे बघितलं, आणि या वेळी मात्र ते पाणी ती सगळं प्यायली.